स्वभाव कुठला, दुखणं कुठलं

काकांचा झेनिट कॅमेरा कपाटातून निघाला तेव्हा त्याचा दगड झाला होता. शटर अडकलेलं, आरसा अर्ध्यावर लटकलेला, कातडी केस उघडताच ओल्या तळघराचा वास. पुढची हेलिओस-४४-२ लेन्स मात्र जड का होईना, फिरत होती. आट्यांची लेन्स ती. बरणीच्या झाकणासारखी उलटी फिरवून सोडवली, एका पोकळ धातूच्या कड्यात बसवली आणि ते कडं सोनीच्या नव्या कॅमेऱ्यावर चढवलं. कड्यात काच नाही, तार नाही, चिप नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर खिडकीतली तुळस उमटली आणि तिच्यामागचं पेरूचं झाड गरगर फिरत असल्यासारखं दिसलं. घरातल्या पोरांनी विचारलं, "काका, हा कुठला फिल्टर?"

हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर लावायचा हा नाद गेल्या पंधरा वर्षांत जगभर पसरला. त्याच्याभोवती बाजार उभा राहिला आणि बाजाराबरोबर दंतकथाही आल्या. हौशी मंडळी म्हणतात, जुन्या काचेत जीव होता. तंत्राची माणसं म्हणतात, हा दोषांचा कौतुकसोहळा आहे. दोघांचंही मला अर्धंच पटतं. जुन्या लेन्सचे दोष दोन जातींचे असतात. काही जन्माचे, म्हणजे आरेखनातच राहिलेले. तशा प्रत्येक लेन्सवर ते सारखेच दिसतात. काही वयाचे: बुरशी, धूसरपणा, सुटलेला गोंद, कुणीतरी चुकीची बसवलेली काच. पहिल्यांना मी स्वभाव म्हणतो, दुसऱ्यांना दुखणं. माझी तक्रार एवढीच आहे की बाजारात दुखणंही स्वभावाच्या भावाने विकलं जातं, आणि नवखा माणूस ते आनंदाने घेतो.

पण आधी ते कडं, कारण सगळा खेळ त्याच्या जाडीचा आहे.

प्रत्येक कॅमेरा-घराण्याचं एक अंतर ठरलेलं असतं: लेन्स जिथे टेकते ती धातूची कड आणि मागची फिल्म किंवा सेन्सर यांच्यामधलं. झेनिट, प्राक्टिका, जुने पेंटॅक्स यांच्या ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांना एम४२ म्हणतात. त्यांचं हे अंतर ४५.४६ मिलिमीटर. निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५, ऑलिम्पस ओएमचं ४६, मिनोल्टाचं ४३.५, कॅननच्या जुन्या एफडीचं ४२ आणि १९८७ साली आलेल्या ईएफचं ४४. सगळे आकडे चाळिशीत, कारण मधे आरसा उघडझाप करत असतो आणि त्याला जागा लागते. लायकाच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नाही, म्हणून तिथे हेच अंतर २७.८ वर येतं. लेन्स ठरलेल्या जागेच्या पुढे राहिली तर जवळचं फूल स्पष्ट दिसतं, पण दूरचा डोंगर कितीही फिरवलं तरी स्पष्ट होत नाही. तेव्हा लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा मोठं असेल, तर फरकाएवढ्या जाडीचं कडं घालून काम भागतं. उलट असेल तर कड्याला जागाच उरत नाही.

डिजिटल एसएलआरच्या काळात या वजाबाकीने चमत्कारिक सोयरिकी जुळवल्या. कॅननवाल्याला निकॉनच्या, ऑलिम्पसच्या, एम४२च्या लेन्स पातळ कड्यावर चालत. पण कॅननच्याच एफडी लेन्स चालत नसत, कारण ४२ मधून ४४ वजा होत नाहीत. निकॉनवाल्याला जवळपास कुणाचंच काही चालत नसे, त्याचं अंतर या सगळ्यांत मोठं. उलट त्याला १९५९पासूनचा स्वतःचा वारसा होता. तोही पथ्य पाळून. १९७७ साली निकॉनने अ‍ॅपर्चरची माहिती कॅमेऱ्याला कळवण्याची पद्धत बदलली, आणि त्याआधीची लेन्स नंतरच्या कित्येक कॅमेऱ्यांवर जोर लावून चढवली तर माउंटच्या कडेची नाजूक पट्टी मोडते. सगळ्यांत शहाणपणाने वागले ते पेंटॅक्सवाले. १९७५ साली आट्यांचा माउंट सोडून त्यांनी के बायोनेट आणला, पण अंतर तेच ४५.४६ ठेवलं, त्यामुळे त्यांच्या आजच्या एसएलआरवरही आजोबांची टाकुमार एका चपट्या रिंगवर बसते आणि क्षितिजापर्यंत फोकस होते.

कॅननच्या एफडी, मिनोल्टाच्या एमडी या लेन्स मात्र पोरक्या झाल्या होत्या. काच उत्तम, पण घर नाही. मधे काच घातलेले अडॅप्टर मिळत. ते अंतर जुळवत, पण त्या स्वस्त काचेतून गेल्यावर चांगल्या लेन्सचंही पाणी उतरे. म्हणून त्या रद्दीच्या भावात जात. २००८ साली पॅनासॉनिकने जी१ आणला. आरसा काढून टाकलेल्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांतला तो पहिला, अंतर १९.२५ मिलिमीटर. २०१० साली सोनीचे नेक्स आले, अंतर १८. आता मधे इतकी मोकळी जागा झाली की आरशाच्या जमान्यातली कुठलीही लेन्स नुसत्या पोकळ नळीवर चालू लागली. तरी हे सेन्सर लहान होते. ३५ मिलिमीटर फिल्मसाठी केलेल्या लेन्सचा मधलाच भाग वापरला जाई. सोनीवर दीड पट, पॅनासॉनिकवर दुप्पट कापलेला. २०१३ साली सोनीचा ए७ आला तेव्हा फिल्मएवढा सेन्सर आणि १८चं अंतर एकत्र मिळालं, आणि पोरक्या लेन्सना घर सापडलं. २०१८मध्ये निकॉन झेड १६वर आणि कॅनन आरएफ २०वर उतरले. एफडीवाला आता कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यावर २२ मिलिमीटरचं कडं लावून त्याच लेन्स वापरतो. एकतीस वर्षांनी घरचा दरवाजा पूर्ण उघडला.

त्याआधी हौस भागवायची तर धातू कापावा लागे. स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' या १९७५च्या चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग टिपले ते झाइसच्या ५० मिलिमीटर एफ/०.७ या लेन्सने. नासासाठी बनवलेली ही लेन्स मागून इतकी आत घुसे की तिच्यासाठी मिचेल कॅमेऱ्याचा अंतर्भागच खरवडून काढावा लागला, आणि त्या कॅमेऱ्यावर मग दुसरी कुठली लेन्स बसेना. जे तेव्हा एका हट्टी दिग्दर्शकाला साधलं, ते आता कॉलेजातला मुलगा दुचाकीच्या दोन टाक्या पेट्रोलच्या पैशांत करतो.

ही स्वस्ताई फसवीही आहे. आट्यांच्या बाबतीत पहिला खड्डा असा: ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची तीन वेगवेगळी घराणी आहेत. लायकाच्या जुन्या रेंजफाइंडर लेन्स, ज्यांचं अंतर २८.८. अगदी सुरुवातीच्या झेनिटच्या लेन्स, ज्यांचं ४५.२. आणि डार्करूममधल्या एन्लार्जरच्या लेन्स, ज्यांना फोकसची रिंगच नसते. तिन्ही एकाच कड्यात गोडीने बसतात. विकणारा 'एम३९' एवढंच सांगतो, आणि घरी आल्यावर डोंगर धूसर. दुसरा खड्डा खुद्द अडॅप्टरचा. स्वस्त अडॅप्टर बनवणारे मुद्दाम ते दहा-वीस शतांशांनी पातळ ठेवतात, म्हणजे कुठलीही लेन्स क्षितिजाच्या थोडी पलीकडेच जाईल आणि तक्रार येणार नाही. त्यामुळे लेन्सवरचे मीटरचे आकडे खोटे ठरतात. साध्या लेन्सला एवढंच नुकसान. पण फोकस करताना आतले गट एकमेकांपासून वेगवेगळ्या अंतरावर सरकतात अशा लेन्सचा तोलच बिघडतो. बऱ्याच अडॅप्टरच्या आतला काळा रंगही चमकतो, आणि त्यामुळे फोटोभर पसरलेल्या पांढुरक्या पडद्याचं खापर जुन्या काचेवर फुटतं. आत काळं मखमली कापड चिकटवून बघा; निम्म्या लेन्स बऱ्या होतात.

एम४२च्या अडॅप्टरमध्ये आतल्या बाजूला एक ओठ आहे की नाही हेही पाहावं. साठच्या दशकानंतरच्या अनेक लेन्सच्या मागे एक छोटी खीळ असते. कॅमेरा ती दाबायचा तेव्हा अ‍ॅपर्चरची पाती मिटत. ओठ नसेल तर खीळ दबत नाही, रिंग एफ/११वर फिरवली तरी पाती सताड उघडीच राहतात आणि आपण उन्हाला दोष देत बसतो. आमच्या हेलिओसला ही कटकट नाही. ती त्याहून जुन्या पद्धतीची: एका रिंगवर आकडा निवडायचा, दुसरीने पाती त्या आकड्यापर्यंत मिटायची.

अडॅप्टरच्या महागड्या जातीही आल्या. २०१३च्या सुरुवातीला मेटाबोन्सने स्पीड बूस्टर काढला. त्यातली काच लेन्सचं चित्र ०.७१ पट आवळून लहान सेन्सरवर टाकते. ५८ मिलिमीटर एफ/२ची हेलिओस मग साधारण ४१ मिलिमीटर एफ/१.४सारखी वागते, कापला गेलेला कडेचा भाग परत मिळतो आणि उजेडही एका पायरीने वाढतो. माझ्या मते काच घातलेल्या अडॅप्टरांत विकत घेण्यासारखी हीच एक जात. २०१६ साली टेकार्टने त्याहून चमत्कारिक वस्तू आणली: लायकाच्या लेन्सला अख्खी मागेपुढे सरकवून आपोआप फोकस करणारं मोटरचं कडं, सरकायला जागा साडेचार मिलिमीटर. त्यावर दुसरं कडं चढवून टाकुमारलाही आपोआप फोकस करायला लावता येतं. लावावं का, ही वेगळी गोष्ट. मी लावून पाहिलं आणि काढून ठेवलं. हातातलं कामच गेल्यासारखं झालं.

कारण हाताने फोकस करणं ही आता शिक्षा राहिलेली नाही. फिल्म कॅमेऱ्यात दुभंगलेल्या वर्तुळातून डोळे ताणून पाहावं लागे. आता ज्या कडा स्पष्ट आहेत त्या कॅमेरा लाल-पिवळ्या रंगाने उजळून दाखवतो. या रंगावर पूर्ण विसंबू नये. पातळ साडीच्या काठावर किंवा झाडाच्या फांद्यांवर तो उदार होतो आणि डोळे मात्र किंचित धूसर निघतात. एक मीटरवरच्या माणसाला ५८ मिलिमीटरच्या लेन्सने एफ/२वर टिपताना स्पष्टतेचा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटर असतो. म्हणजे पापणीवर धरलं तर कान गेला. खात्रीचा रस्ता एकच, पडद्यावरचं चित्र मोठं करून पापणीवर धरायचं. तेही वापरायच्याच अ‍ॅपर्चरवर, कारण सोनार घराण्यातल्या काही लेन्स पाती मिटताना फोकस हलवतात. दोन किरकोळ गोष्टी मेनूत आधीच करून ठेवाव्यात: 'लेन्सशिवाय शटर' चालू करणं, आणि कॅमेऱ्यात हादरा सावरणारी यंत्रणा असेल तर लेन्सचं नाभीय अंतर हाताने भरणं. लेन्स मुकी आहे, ती स्वतःचं नाव सांगत नाही.

आता स्वभाव. हेलिओसचं गरगरणं हे त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण, आणि त्यात जादू काही नाही. ही लेन्स झाइसच्या बायोटारची सोव्हिएत नक्कल. बायोटारचं आरेखन विली मेर्टे यांनी १९२७ साली केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कारखान्यांतली यंत्रं, आराखडे आणि काच सोव्हिएत संघात गेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हेलिओस-४४ जन्मली. पुढे इतर सोव्हिएत कारखान्यांतही झेनिटबरोबर ती ढिगाने निघाली. फ्रेमच्या कडेकडे तिरपे येणारे किरण लेन्सच्या नळीत दोन्हीकडून कापले जातात, म्हणून कडेचे धूसर ठिपके गोल न राहता लिंबाच्या फोडीसारखे होतात आणि सगळ्या फोडी मध्याभोवती फेर धरतात. त्यात लेन्सचं फोकसचं पृष्ठ सपाट नसून वाटीसारखं वाकलेलं, त्याने फेर आणखी उठून दिसतो. हे दिसायला पाती पूर्ण उघडी हवीत, माणूस दीड-दोन मीटरवर आणि पानापानांतून उजेड गळणारं झाड त्याच्यामागे पाच-सहा मीटरवर हवं. भिंत किंवा आकाश मागे असेल तर काही गरगरत नाही. लहान सेन्सरवर तर गरगरणारा कडेचा भागच कापला जातो, मग स्पीड बूस्टर नसेल तर हातात उरते एक सभ्य, थोडी मऊ ५८ मिलिमीटरची लेन्स. हे विकणारा कधी सांगत नाही.

मायर गोरलिट्झच्या ट्रायोप्लान १०० मिलिमीटरची तऱ्हा वेगळी. तीनच भिंगांची ही लेन्स, १८९३ साली एच. डेनिस टेलर यांनी काढलेल्या ट्रिप्लेटच्या वंशातली. तिच्यात एक दोष गरजेपेक्षा जास्त दुरुस्त झालेला आहे, त्यामुळे मागचे धूसर दिवे कडेला उजळ आणि मधे फिके होतात, साबणाच्या फुग्यांसारखे. कधीकाळी ही गरिबाची लेन्स होती. फुग्यांची फॅशन आली आणि भाव कुठल्या कुठे गेले. गंमत अशी की प्राक्टिकावाल्यांच्या जुन्या स्लाइड प्रोजेक्टरमधली १०० मिलिमीटर एफ/२.८ची लेन्सही जवळपास तेच फुगे देते, फक्त तिला ना पाती ना फोकसची रिंग. त्यासाठी लांबी कमीजास्त होणारं कडं लागतं. सोव्हिएत इंडुस्टार-६१ एल/झेडची पाती एफ/५.६च्या आसपास सहा टोकांची चांदणी बनवतात, मग पाठीमागचा प्रत्येक दिवा चांदणी होतो. पहिल्या दिवशी फार छान वाटतं. आठवड्यानंतर कुणी वापरत नाही.

पेंटॅक्सच्या टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४बद्दल मला पक्षपात आहे, तो कबूल करतो. तिची फोकसची रिंग लोण्यातून फिरावी तशी फिरते; असं धातूकाम आज मिळत नाही. तिच्या सात भिंगांच्या आवृत्तीत एक काच थोरियम घातलेली आहे. थोरियम ऑक्साइडने काच प्रकाश जास्त वाकवते पण रंग फारसे फोडत नाही, म्हणून त्या काळात अनेक कंपन्यांनी ती वापरली. थोरियम किरणोत्सारी, त्याचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं, त्यामुळे आपल्या हयातीत तो काही कमी होणार नाही. त्याच्या किरणोत्साराने काच वर्षानुवर्षांत चहासारखी पिवळी पडते. ही लेन्स कॅमेऱ्यावर वापरण्यात भीती नाही. ती फोडून काच घासत बसू नये, आणि डोळ्याला लावायचं भिंग म्हणून वापरू नये. पिवळेपणा अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस-आठवडे ठेवून बराचसा जातो. आता हा पिवळेपणा स्वभाव की दुखणं? मूळ आरेखन करणाऱ्याने पांढरी काच दिली होती, म्हणून माझ्या हिशोबात ते दुखणं. पण तो 'जुन्या जमान्याचा ऊबदार रंग' म्हणून विकला जातो. तोच रंग हवा असेल तर कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स आहे.

लेपाचीही गोष्ट अशीच. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली काचेवर पातळ लेप देऊन परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली. पेंटॅक्सने १९७१ साली बहुपदरी लेपाच्या एसएमसी लेन्स आणल्या. एकपदरी लेपाची लेन्स उजेडासमोर धरली की सावल्या राखाडी होतात, चित्रावर दुधाची साय येते. ती आरेखनातली, दर वेळी तशीच येणारी साय म्हणजे स्वभाव. हात आडवा धरून ती कमी करता येते, हवी तेव्हा बोलावताही येते. बुरशीने किंवा आत साचलेल्या तेलाच्या वाफेने आलेली साय कुठेही, कशीही येते आणि जात नाही.

दुखण्याच्या बाबतीत आपल्या हवेचं नाव आधी घ्यायला हवं. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा अशी ओली असते की कपाटातले जोडेही हिरवे होतात; लेन्सचं काय. हवेतला दमटपणा ६०-७० टक्क्यांवर बराच काळ टिकला की काचेवरच्या धुळीच्या कणांवर बुरशी धरते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. ती आम्ल सोडते. आधी लेप जातो, मग काच. जुन्या कातडी केस या तिची माहेरघरं, कारण कातडं ओल धरून ठेवतं. आमची हेलिओस मी फोर्टातल्या एका जिन्याखालच्या दुकानात नेली होती. "काका, साफ होईल का?" म्हटलं. त्यांनी टॉर्च मागून मारला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डाग जाईल हो. खड्डा राहील." नंतर दिव्याखाली पाहिलं, तसंच झालं होतं: जाळी गेली, तिच्या मुळांच्या रेघा काचेत कोरलेल्या राहिल्या. फोटोत त्या दिसत नाहीत, सूर्य समोर आला की दिसतात.

अशा हातांची माणसं कमी होत चालली आहेत, हे या नादाचं खरं मर्म आहे. लेन्स स्वस्त, अडॅप्टर स्वस्त, पण उघडून साफ करून पुन्हा नीट बसवणारा मिळायला हवा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घेताना मी तीन गोष्टी पाहतो. मोबाइलचा टॉर्च मागून मारून तिरक्या नजरेने आत पाहणं; जाळी, धूसरपणा आणि कडेला इंद्रधनुषी चकाकी दिसते का. ती चकाकी म्हणजे दोन काचा जोडणारा गोंद सुटू लागला. जुन्या लेन्समध्ये कॅनडा बाल्सम नावाचा झाडाचा चीक असे, तो वयाने सुटतो, आणि त्याची दुरुस्ती परवडत नाही. दुसरं, पात्यांवर तेल. फोकसच्या आट्यांतलं ग्रीस उन्हाळ्यात पातळ होऊन पात्यांवर उतरतं. हाताने रिंग फिरवायच्या लेन्सला ते चालून जातं, खिळीवर चालणाऱ्या लेन्सची पाती मात्र चिकटून बसतात. तिसरं सगळ्यांत वाईट, आणि दुकानात दिसत नाही: आधी कुणीतरी उघडून काच तिरकी बसवलेली. त्यासाठी घरी विटांच्या भिंतीचा समोरून फोटो काढायचा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो स्वभाव. एकच कोपरा वितळलेला असेल तर लेन्स कधीतरी पडली आहे किंवा कुणाच्या हातात सापडली आहे. पुढच्या काचेवरच्या दोन-चार ओरखड्यांना मात्र घाबरू नये. त्यांच्यामुळे भाव पडतो आणि फोटोला काही होत नाही, तेव्हा तो आपला फायदा.

आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी, जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरावी. दमटपणा ४०-५० टक्क्यांवर राहिला की पुरे. अगदी कोरडं केलं तर ग्रीस सुकतं.

चित्रपटवाल्यांनी या नादाला प्रतिष्ठा दिली. डिजिटल कॅमेरे इतके स्पष्ट झाले की छायालेखक त्या स्पष्टतेला घाबरू लागले. नटाच्या चेहऱ्यावरचा मेकअप थराथराने दिसू लागला. मग कुकच्या स्पीड पँक्रोसारख्या जुन्या लेन्स आणि कॅननच्या सत्तरच्या दशकातल्या के-३५ पुन्हा बाहेर आल्या. त्यांची काच तशीच ठेवून बाहेरची नळी नवी, दातेरी रिंगांची बनवली जाते, म्हणजे फोकस ओढणाऱ्या साहाय्यकाला दर वेळी तीच खूण सापडते. ही शस्त्रक्रिया मूळ लेन्सपेक्षा महाग पडते. गरीब लघुपटवाला तेच काम हेलिओसवर प्लास्टिकचं दातेरी कडं चढवून करतो, आणि चांगलं करतो.

जुन्या लेन्सविरुद्धचा सगळ्यांत जोरदार युक्तिवाद आता चीनमधून येतो. सेव्हनआर्टिझन्स, टीटीआर्टिझनसारख्या कंपन्या हाताने फोकस करायच्या नव्या लेन्स जुन्या लेन्सच्या भावात विकतात; बुरशी नाही, तेल नाही, थेट माउंटवर बसतात. ट्रायोप्लानसारखे फुगे देणारी लेन्सही नवी मिळते. २०१३ साली लोमोग्राफीने १८४०च्या पेट्झव्हाल लेन्सची पितळी नवी आवृत्ती लोकवर्गणीतून काढली, तिथून ही लाट सुरू झाली. मायर गोरलिट्झचं नाव पुन्हा उभं करणारी कंपनी मात्र २०१८ साली दिवाळखोरीत गेली, आगाऊ पैसे भरलेल्या लोकांच्या लेन्स न देताच. नाव पुढे दुसऱ्या कंपनीने घेतलं. ज्याला फक्त परिणाम हवा आहे त्याने आज नवी चिनी लेन्स घ्यावी, असं मी सरळ सांगतो. जुनी घ्यायची ती घरात पडून असेल म्हणून, किंवा त्या धातूकामाच्या प्रेमापोटी, किंवा तशी नवी बनतच नाही म्हणून.

काही ठिकाणी जुनी लेन्स घेऊच नये. रुंद कोनाच्या रेंजफाइंडर लेन्स हा त्यातला मोठा फसवा वर्ग. फिल्मला तिरपा प्रकाश चालत असे. सेन्सरवर मात्र काचेचं आवरण असतं, सोनीवर साधारण दोन मिलिमीटरचं, आणि तिरपे किरण त्यातून जाताना वाट चुकतात. कोपरे पुसट होतात, कडेला जांभळट छटा चढते. २०१५ साली आलेल्या सोनी ए७आर-२च्या नव्या बांधणीच्या सेन्सरवर छटा कमी झाली, कोपरे तसेच राहिले. शिवाय ज्युपिटर-१२सारख्या लेन्सचा मागचा भाग इतका आत शिरतो की काही कॅमेऱ्यांत तो घासण्याची भीती. जुने झूम सोडून द्या. लग्नाच्या मांडवात, धावत्या पोरांमागे, कबड्डीच्या मैदानावर हाताने फोकस करायचा हट्टही सोडून द्या. अक्षता पडायला दोन सेकंद लागतात.

आणि एक लेन्स अशी आहे की जिच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून ती अजून मातीमोल भावात मिळते: एन्लार्जरची. तालुक्याच्या गावात एकेकाळी प्रत्येक फोटो स्टुडिओच्या मागे पडदा लावलेली काळोखी खोली होती, तिथे लाल दिव्याखाली निगेटिव्हमधून कागदावर फोटो उतरत. त्या एन्लार्जरच्या टोकाला बसवलेली एल-निक्कोर ५० मिलिमीटर एफ/२.८सारखी लेन्स सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर कोपऱ्यापर्यंत सारखी स्पष्ट उतरवण्यासाठीच केलेली असते. वाटीसारखं वाकणं नाही, गरगर नाही. स्वभाव म्हणावा असा तिला काही नाहीच. म्हणूनच मुंगीचा डोळा किंवा जुनं नाणं टिपायला ती उत्तम. स्टुडिओ बंद झाले, मालकांनी एन्लार्जर भंगारात दिले, पण लेन्स बऱ्याचदा ड्रॉवरमध्ये राहून गेली, कारण ती छोटी होती आणि फेकवली नाही.

मी माझी अशाच एका ड्रॉवरमधून आणली. ३९ मिलिमीटरचे आटे, त्याला लांबी बदलणारं कडं, मागे सोनी, खाली मोबाइलच्या पडद्याएवढा पांढरा दिवा, दिव्यावर निगेटिव्ह. एफ/८वर पाती ठेवायची, पडद्यावर चित्र मोठं करून फिल्मचे दाणे स्पष्ट दिसेपर्यंत कडं फिरवायचं. काकांच्या झेनिटवर काढलेल्या बाराएक पट्ट्या वहीच्या कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या एकेक करून उतरवतो आहे. तिसऱ्या पट्टीवर आमच्या आत्याचं लग्न आहे. मांडवाच्या कडेला आंब्याची डहाळी बांधलेली, आणि आत्याच्या मागे तीच पानं, काळी-पांढरी, गरगरत.